नुसतं अनिता

बाई,

तुमचं खरं नाव मला आत्ता कुठे कळलं. तुमच्या सहीत असायचं ते नव्हे, निवृत्तीच्या दिवशी आम्ही फळ्यावर रंगीत खडूने काढलं होतं तेही नव्हे. त्याच्याआधीचं. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात प्रबंधाच्या कामात अडकले होते, यायला जमलं नाही. त्यालाही आता इतका काळ लोटलाय की पापडीच्या तळ्यामागे तुमचं घर होतं तिथे इमारत उभी राहिली आणि जुनीही दिसायला लागली. तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते. बातमी चांगली आहे. आपण जिंकलो, बाई.

तुमच्या वर्गात आम्ही तिघी अनिता होतो. एक पापडीची, वाडीत राहणारी, ख्रिस्ती घरातली. घरी त्यांची वेगळी बोली, शाळेत आमच्यासारखी मराठी, आणि दोन्हींत सारखीच गात सुटलेली. दुसरी पाचूबंदरची, कोळ्यांची, जिच्या प्रत्येक वहीत मागच्या पानांवर मासे पोहत असायचे. तिसरी मी, नालासोपाऱ्याच्या चाळीतली, वडील नोकरीसाठी रत्नागिरीकडून आलेले. आधीच्या बाईंनी सोयीसाठी आम्हाला नंबर दिले होते. तुमचा पहिला तास. हजेरी घेताना तुम्ही माझ्या नावाशी थांबता, मी उभी राहते आणि शहाण्यासारखं सांगते, "बाई, मी अनिता तीन." तुम्ही चष्म्यावरून बघता. "तीन? तू काय एसटी आहेस, नंबर लावून फिरायला?" वर्ग हसतो. माझे डोळे भरून येतात. तुम्ही ते बघता, पण आवाज खाली आणत नाही. "रडतेस काय? माणसाला नाव असतं. ते आहे ना तुला? मग तेच सांगायचं." त्या दिवसापासून आमचे नंबर गेले. तुम्ही नुसतं "अनिता" म्हणायचात, आणि कुठल्या सुरात म्हणालात त्यावरून जिला उठायचं ती बरोबर उठायची. हे तुम्ही कसं करायचात ते आम्हाला आजही सांगता येत नाही. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा वर्गातल्या दोन पूजांवर तो प्रयोग करून पाहिला, दोघीही उठल्या.

मग तुमचं स्वयंपाकघर. नववीच्या हस्तलिखिताचं काम शाळेत पुरं होईना, म्हणून शनिवारी दुपारी आम्ही तिघी तुमच्याकडे यायचो. ओट्यावर तवा, तव्यावर तांदळाची धिरडी, आणि खाली फरशीवर आमचे कागद पसरलेले. तुम्ही एका हाताने धिरडं उलटायचात आणि दुसऱ्या हाताने माझी ऱ्हस्व-दीर्घं दाखवायचात. तुमचे यजमान, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, दारातून आत डोकावले तर तुम्ही पटकन पदर सावरून चहा टाकायचात, आणि ते गेले की पुन्हा आमच्यात. आगाशीहून, तुमच्या माहेराहून, सुकेळी आलेली असत. उन्हात वाळवलेली ती मऊ, मधासारखी केळी तुम्ही मोजून द्यायचा नाहीत, आख्खी पुडीच पुढ्यात सोडायचात. त्या हस्तलिखितात माझा विहिरींवर निबंध होता, पापडीच्या अनिताचं गाणं होतं, आणि पाचूबंदरच्या अनिताची चित्रं. खाली तुम्ही आम्हाला नुसतं "अनिता" लिहायला लावलंत. मुख्याध्यापकांनी हस्तलिखित परत पाठवलं. वडिलांचं नाव आणि आडनाव हवं, शिस्त म्हणून. तुम्ही ते तसंच पुन्हा घेऊन गेलात, मागोमाग आम्हाला घेऊन.

"अहो, पण कुठल्या अनिताचं काय, हे कळणार कसं?" ते म्हणाले.

"वाचणाऱ्याला कळेल, सर," तुम्ही म्हणालात. "न वाचणाऱ्याला कळून काय करायचंय?"

परत येताना व्हरांड्यात तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते त्या वयात आमच्या डोक्यावरून गेलं. "आडनाव आज बापाचं, उद्या नवऱ्याचं. तुमच्या हातून कधी काही चांगलं झालं, तर त्याखाली नुसतं नाव घाला. आणि ते कुणाला बदलू देऊ नका." पाचूबंदरची अनिता म्हणाली, "नाव कोन कशाला बदलंल, बाई?" तुम्ही घंटा झाली म्हणालात. घंटा झाली नव्हती.

आम्ही तिघींनी ते ऐकलं, बाई. ठरवून नव्हे, आम्ही एकमेकींना वर्षातून कधीतरी फोन करणाऱ्या. माझा प्रबंध आपल्या भागातल्या विहिरींचं पाणी खारं कसं होत गेलं, यावर. प्रबंधावर विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे पूर्ण नाव होतं, पण त्याचंच पुढे गावकऱ्यांसाठी सोप्या मराठीत पुस्तक केलं तेव्हा मी प्रकाशकाला म्हणाले, नुसतं अनिता. पापडीच्या अनिताने आपल्या बोलीत लग्नाची नवी गाणी रचली, त्यांची पुस्तिका काढली; आज वाडीतल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवात ती गाणी म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांना वाटतं ती पणजीपासून चालत आली आहेत. पाचूबंदरच्या अनिताने मुलांसाठी मासे चितारले, एकेक खवला दिसावा असे, खाली कोळ्यांच्या तोंडची नावं. तिन्ही मुखपृष्ठांवर एकच शब्द.

आणि त्यातूनच ही गंमत झाली. वसईतल्या एका ग्रंथालयाने आपली यादी संगणकावर चढवली. संगणकाने सगळ्या अनिता एकत्र केल्या. कार्यकारिणीला अचानक शोध लागला की आपल्या तालुक्यात एक थोर बाई आहे, जी भूजलावर लिहिते, लोकगीतं रचते, चित्रं काढते, शिवाय कथाही लिहिते. वार्षिक दिनाला तिचा सत्कार ठरला. ग्रंथपाल मुलगी चुणचुणीत. माझ्या प्रकाशकाकडून नंबर मिळवून तिने फोन केला. "मॅडम, तुमची गाणी माझ्या आईला तोंडपाठ आहेत!" मी म्हटलं, "माझी? मी गायला लागले तर शेजारी दार लावून घेतात." मग उलगडा झाला. बिचारी रडकुंडीला आली. बॅनर छापून झाला होता: 'एक लेखणी, अनेक वाटा'. थोड्या वेळाने अध्यक्षांचाच फोन. गृहस्थ गोड बोलले. "मॅडम, पाहुणे ठरलेत, पेपरात बातमी गेलीय. आता ऐनवेळी गोंधळ नको. तुम्ही सर्वांत जास्त शिकलेल्या, तेव्हा सत्कार तुम्ही स्वीकारा. त्या दोघींचं पुढच्या वर्षी बघू."

मला राग आला होता, बाई, पण तुमच्यासारखा आवाज चढवता मला येत नाही. मी एवढंच म्हटलं, "येते." आणि दोघींना फोन लावला. पापडीची म्हणाली, "जाऊ दे गं, माझी गाणी लोक म्हणतात तेवढं बस झालं." पाचूबंदरची म्हणाली, "बस कशाला झालं? मी येनार. साडी पन नेसनार."

सभागृह भरलेलं. मंचावर सत्कारमूर्तीसाठी एक खुर्ची. आम्ही तिघी पहिल्या रांगेत, पाचूबंदरची मध्ये, जांभळ्या साडीत. अध्यक्षांनी सगळ्या पुस्तकांची नावं एका दमात वाचून दाखवली, आणि म्हणाले, "ह्या सगळ्यांमागचं एकच नाव. मी विनंती करतो, अनिताताईंनी मंचावर यावं." आम्ही तिघी उभ्या राहिलो.

मग मागून कुणीतरी हसलं, मग हशा, आणि मग टाळ्या, कारण आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून पायऱ्या चढत होतो आणि अध्यक्ष खुर्चीकडे बघत होते. ग्रंथपाल मुलीने दोन खुर्च्या ओढत आणल्या. मी माइक घेतला. विहिरीचं पुस्तक माझं, म्हटलं, बाकी ह्यांना विचारा. पाचूबंदरच्या अनिताने पुस्तक उघडून मासे वर धरले आणि पोरांना नावं विचारली. पोरांनी ओरडून सांगितली. पापडीच्या अनिताने डोळे मिटून गाण्याची पहिली ओळ म्हटली, आणि बाई, दुसरी ओळ सगळ्या सभागृहाने म्हटली. बायका उभ्या राहून म्हणत होत्या. गाणं संपल्यावर एक बाई मोठ्याने म्हणाली, "आगं, हे तू केलंस?" मी पापडीच्या अनिताला इतकी वर्षं ओळखते, पण तिला असं ताठ उभं राहिलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एक पुस्तक उरलं होतं, कथांचं. आम्हा तिघींना वाटलं होतं, असेल कुणी अनोळखी अनिता. तेवढ्यात बाजूच्या रांगेतून पांढऱ्या केसांच्या एक बाई काठी टेकत उठल्या.

"मी आगाशीहून आलेय," त्या म्हणाल्या. "पेपरात वाचलं, कुणी बाई माझ्या ताईच्या पुस्तकावर सत्कार घेतेय. मी भांडायला आले होते. ते पुस्तक ताईचं आहे. अनिता तिचं माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर दुसरं नाव काढलं, तेव्हा पुस्तक नुकतंच छापून आलं होतं. नंतर तिने काही लिहिलं नाही. पापडीच्या शाळेत शिकवायची ती. इथे कुणाला आठवत असेल तर." आणि त्यांनी तुमचं सासरचं नाव सांगितलं.

पाचूबंदरची अनिता मंचाच्या कडेशी आली. "आमच्या बाई," ती म्हणाली, "आमच्या बाई गो!" मला व्हरांडा आठवला, आणि न झालेली घंटा. आठवत असेल तर, म्हणे! बाई, सभागृहात तुमच्या विद्यार्थ्यांचे हात वर व्हायला लागले, टक्कल पडलेले, नातवंडं मांडीवर घेतलेले, ह्या माझ्या बाई, ह्या मलाही होत्या. शाल एकच आणली होती. ती आम्ही तिघींनी मिळून तुमच्या बहिणीच्या खांद्यावर घातली. त्या म्हणाल्या, "मला कशाला, मी काय केलंय?" पापडीची म्हणाली, "तुम्ही भांडायला आलात ना, मावशी." अध्यक्षांनी मग माइकवरून तुमचं नाव घेतलं. पूर्ण नाव विचारायला वळले, तर तुमच्या बहिणीने काठी आपटली. "नुसतं अनिता!"

आता तुमचं पुस्तक पुन्हा निघतंय. मासेवाली अनिता चित्रं काढतेय, गाणारी प्रकाशनाला गाणार आहे, आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली आहे. ती लिहायला म्हणून बसले आणि हे लिहीत सुटले. तुमच्या पाचही गोष्टी दोनदा वाचल्या. शेवटची, दोन बहिणी अंगणात बसून आठवड्यानंतर होणाऱ्या लग्नाबद्दल एक अक्षरही न बोलता दुपार घालवतात ती, वाचल्यावर मी उठून घरभर फिरत राहिले. अशी गोष्ट मला जन्मात लिहिता येणार नाही.

प्रस्तावनेत मी पाचही कथांचं कौतुक करणार आहे. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे कबूल करते: पहिल्या चार मला आवडल्या नाहीत, बाई. उपदेश फार आहे. पाचवीपर्यंत येता येता तुम्हाला लिहायचं कसं, ते सापडायला लागलं होतं.