शिळा कोणाची पडली

३ फेब्रुवारी

तात्याची शिळा आज खांबावरच्या अकराव्या रेघेला टेकली! माझी साडेदहावर अडली. अर्ध्या रेघेपायी जेवणावरची वासनाच उडाली.

तात्या म्हणाला, "सरकार, जरा टाचा वर करून बघा, पोचाल!" त्याची सगळी खालच्या मजल्याची तुकडी खी-खी हसली. मी म्हटलं, "तू आधी तुझी शिळा सरळ धर, कलली होती." आणि कललेली होतीच! शिळा-उचलीच्या मास्तरांनीही मान हलवली.

सतरा वर्षांचा मुलगा, पण चालतो हात पाठीमागे बांधून, पेन्शनरासारखा. पहिल्या वर्षी आला तेव्हा शिपायालाच विचारलं होतं, "काय, तब्येत वगैरे ठीक ना?" त्या दिवसापासून तात्या. मला सरकार तो म्हणतो. आता सगळेच म्हणतात. मी तक्रार केलेली नाही.

५ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर सांगितलं: अठ्ठावीस तारखेला सामना. पटांगणात दोन शिळा, वरच्या मजल्याची आमची, खालच्या मजल्याची त्यांची. हात न लावता उचलायची, ज्या तुकडीची जास्त रेघा चढेल तिचा प्रमुख, म्हणजे तात्या किंवा मी, वर्षभर सगळ्या शाळेचा प्रमुख. "आणि ज्याच्या हातून शिळा पडेल," बाई म्हणाल्या, "त्याचा प्रमुखपदाचा पट्टा त्याच दिवशी उतरेल. बाकी काही ऐकून घेणार नाही."

तुकडीतले दहाजण जोर लावतात, पण शिळा पेलणारा मंत्राचा धागा एकाच्याच, प्रमुखाच्या बोटाला. तो दिसत नाही, फक्त अनामिकेला ओढ कळते. एक क्षण मन दुसरीकडे गेलं की सुटला.

तात्याची धाकटी बहीण चिठ्ठ्या टाकताना आमच्या मजल्यावर आली आहे. तेरा वर्षांची, तोंडाचा पट्टा चालू. "ताई, दादाला आपण चीतपट करायचं!" तो म्हणतो, "घरभेदी!" पण तिच्या चपला तुटल्या तर शिवून तोच आणतो.

८ फेब्रुवारी

अकरा रेघा. माझ्यासुद्धा!

९ फेब्रुवारी

शिळा पडली. धाकटीच्या पायावर.

१० फेब्रुवारी

लिहून काढायलाच हवं.

दोन्ही तुकड्यांचा सराव एकदम चालू होता. माझी शिळा दहाव्या रेघेवर, स्थिर. तात्याची किती वर गेली ते बघायला मी मान वळवली. बस्स, एवढंच! बोटातली ओढ गेली. मला कळलं — धागा सुटला. शिळा खाली येऊ लागली आणि त्याच वेळी त्याची शिळा, नेहमीसारखी कललेली, सरकत येऊन माझ्या शिळेला घासली. केवढा आवाज! सगळ्यांनी पाहिलं ते फक्त घासणं. धाकटी कडेला उभी होती. तिला मागे ओढेपर्यंत कोपरा पायावर आला.

तात्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होता. नडगीचं हाड मोडलंय. हाडाला मंत्र चालत नाही, प्लॅस्टरच घालावं लागतं. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या, दीड महिना.

आज सकाळी बाईंच्या खोलीत आम्ही दोघं आणि उचलीचे मास्तर. बाईंनी विचारलं, "कोणाची?"

माझ्या जिभेवर शब्द होता. खरंच होता.

तात्या उभा राहिला. "माझी, बाई. माझी कलली."

मास्तर म्हणाले, "मी तुला किती वेळा बजावलं होतं!" त्याने स्वतःच पट्टा काढून टेबलावर ठेवला, घडी घालून. माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि मी गप्प बसले.

११ फेब्रुवारी

धागा सुटतो तेव्हा बोट भाजतं. अनामिकेवर लाल वळ आहे. पट्टी बांधली. विचारलं तर पेन्सिल तासताना कापलं म्हणून सांगते. तीनदा सांगून झालं.

१२ फेब्रुवारी

त्यांची आई आली होती. मी दवाखान्यात फळं द्यायला गेले तर आत बसलेली. तात्या दाराशी उभा. काकू त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. पेला हवा होता तर मला म्हणाल्या, "बाळ, तेवढा पेला दे गं." तो जवळ उभा होता, पेला त्याच्या हाताशी होता!

जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तुझ्याच तुकडीत आहे, तुझ्यावर सोपवून जाते."

मी मान डोलावली. अशी कशी डोलावली मी?

धाकटी नेहमीसारखी बडबडली नाही. माझ्याकडे बघत होती. दुखत असेल.

१४ फेब्रुवारी

खालच्या मजल्याचा नवा प्रमुख म्हणजे निव्वळ गोंधळ. त्यांची शिळा सहा रेघांपुढे जात नाही. सामना मी जिंकल्यातच जमा आहे. मुली आतापासून अभिनंदन करताहेत. एकीने तर पट्ट्यावर भरतकाम करून देऊ का विचारलं.

मला हवं होतं ते हेच ना?

१५ फेब्रुवारी

काही नाही.

१७ फेब्रुवारी

तात्याला शिक्षा म्हणून पटांगणातलं शेवाळ खरवडायचं काम दिलंय. रोज दुपारी ब्रश घेऊन गुडघ्यावर बसलेला असतो. आमचा सराव त्याच्या डोक्यावर चालतो.

आज सराव संपल्यावर म्हणाला, "सरकार, सातव्या रेघेला तू श्वास सोडतेस. तिथे धरून ठेव. अर्धी रेघ मिळेल."

मी तडकलेच. "तुला कोणी विचारलं? तू आपलं शेवाळ काढ!"

बाकीच्या मुली हादरल्या. तो फक्त "बरं" म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर किती सोपं झालं असतं!

१८ फेब्रुवारी

सातव्या रेघेला श्वास धरला. बारा रेघा झाल्या. टाळ्या पडल्या. मी त्याच्याकडे न बघता वर निघून आले.

१९ फेब्रुवारी

बाईंच्या दाराशी तीन वेळा गेले. पहिल्यांदा आत मास्तर होते. दुसऱ्यांदा दार बंद. तिसऱ्यांदा दार उघडं होतं, बाई एकट्या होत्या, वर बघून म्हणाल्या, "काय गं?" मी म्हटलं, "खडू संपलेत, बाई." त्यांनी खडू दिले! अख्खा डबा.

त्याला दोष लागला यापेक्षा मला काय जास्त बोचतं, ते आज कळलं. तो खरंच समजतो की त्याने बहिणीचा पाय मोडला. रोज हेच मनात घेऊन झोपत असेल. आणि मला माहीत आहे की तसं नाही. जगात फक्त मला.

२० फेब्रुवारी

सांगितलं.

आधी त्याला. दुपारी, पटांगणात. पट्टी सोडली आणि बोट त्याच्यासमोर धरलं. "माझा धागा सुटला होता. तुझी शिळा घासली ती नंतर. मी तुझ्याकडे बघत होते, किती वर गेलास ते."

ब्रश थांबला नाही. तो खाली बघूनच म्हणाला, "बाईंची खोली चारपर्यंत उघडी असते."

"एवढंच?"

"आईलाही तूच पत्र लिही. मी नाही लिहिणार." मग जरा वेळाने, "बरोबर येऊ?"

"नको."

"बरं."

बाई ओरडल्या नाहीत. विचारलं, "कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "त्याच क्षणापासून." त्यांनी हात पुढे केला, मी पट्टा दिला. खणात ठेवून खण बंद केला. "तो का म्हणाला मग, माझी म्हणून?" मी म्हटलं, "त्याला तसंच वाटलं, बाई. सगळ्यांनाच वाटलं." बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

वर्गात कोणी शेजारी बसलं नाही. हात मात्र हलका आहे.

२१ फेब्रुवारी

काकूंना पत्र टाकलं. चार वेळा फाडून पाचवं.

तात्याला पट्टा परत मिळाला. मी आमच्या तुकडीत शेवटच्या रांगेत. त्याची शिळा आज साडेबारा! कलली नाही. मला इतका राग आला की बरं वाटलं. ओरडून सांगितलं, "पुढच्या वर्षी बघते तुला!" तो हात पाठीमागे बांधून म्हणाला, "सरकारची मर्जी."

२२ फेब्रुवारी

धाकटीची माफी मागायला गेले. मला बोलूच दिलं नाही.

म्हणाली, "ताई, मी तुझ्या हाताकडेच बघत होते तेव्हा. बोट झटकन मागे घेतलंस ना, त्यावरूनच धागा सुटला ते कळलं मला. त्याच संध्याकाळी, बाईंनी तुम्हाला बोलावायच्या आधीच, दादाला सांगितलं. तो म्हणाला, तू तोंड उघडायचं नाहीस, ती आपण होऊन सांगेल. मग मी रोज विचारायचे, सांगितलं का रे तिने? तर रोज म्हणायचा — उद्या सांगेल."