आमच्या खास बातमीदाराकडून

३ जानेवारी १९३८, सोमवार
हेडमास्तर मार्चअखेर रिटायर. जागा एक, लायक माणूस एक. डिपोटीसाहेब २८ तारखेला इन्स्पेक्शनला येणार. हुकलं तर सुकलाल मास्तर डोक्यावर बसेल, आठ वर्षांनी लहान असून! आजपासून पहाटे पाचला उठण्याची सवळ लावायची.

४ जानेवारी
सातला उठलो. थंडी फार.
साहेबांना म्हणे पोपटपंची चालत नाही, पोरांनी विचार केला पाहिजे. सोपं आहे. दोन दिवसांत शिकवतो.

७ जानेवारी
पाचवीला धुळ्याचं साप्ताहिक वाचायला दिलं. दोन प्रश्न घोकून घेतले : हे कोणी लिहिलं? त्याला कसं कळलं? चुकेल त्याला छडी.
पण भाषा! शाळेला ‘शाया’, डोळ्याला ‘डोया’. लहानपणी मीही असंच बोलायचो, आता त्याचा डागसुद्धा उरला नाही. शेवटी नियमच दिला : जिथे तुमची जीभ ‘य’ म्हणते तिथे ‘ळ’ लिहा. याहून सोपा उपाळ नाही.

१२ जानेवारी
गावात उर्दू शाळा नाही, म्हणून सत्तार रंगाऱ्याची सलीमा माझ्या वर्गात. आज तिने इतिहासाच्या पुस्तकालाच गाठलं. हाई कोनी लिखं, गुर्जी? त्याले कसं मालूम? मी म्हटलं, पुस्तकाला विचारायचं नसतं. तर म्हणे, मंग पेपरलेच काबर इचारानं? उत्तर माझ्याकडे होतं, पण घंटा झाली.

१६ जानेवारी, रविवार
साप्ताहिकाचा इथला बातमीदार मीच, हे कुणालाही ठाऊक नाही. नवापूरला जाऊन टपालात टाकून आलो : ‘आमच्या खास बातमीदाराकडून. येथील पाचवीच्या विद्वान गुरुजींनी मुलांस विचार करण्याची सवळ लावली असून, सर्व गाव त्यांस हेडमास्तर म्हणून पाहण्यास उत्सुक आहे.’
थोडं पुढचं लिहिलंय, एवढंच.

२५ जानेवारी
छापून आली! एका अक्षराचा फरक नाही. सुकलालचं तोंड पाहण्यासारखं होतं. पाच अंक घेतले.

२७ जानेवारी
सलीमाने तो अंक वर्गात आणला. दप्तरात ठेवायला लावला. मधल्या सुट्टीत पाच-सहा डोकी त्यावर वाकलेली. मी जवळ गेलो की अंक परत दप्तरात.

२८ जानेवारी, संध्याकाळी सहा
साहेबांनी खिशातून तोच अंक काढला. नेमका सलीमाच्या हातात दिला. वाच म्हणाले, आणि काय वाटतं ते सांग. साहेबांच्या मागून तिला डोळे वटारले. तिने पाहिलं आणि वाचत राहिली.
संपल्यावर म्हणाली, कोन्हं नाव नही शे, पन लिखणारा ह्याच खोलीमा शे. साहेबांनी विचारलं, कशावरून? म्हणाली, पुस्तकमा ‘सवय’ छापेल शे. ‘सवळ’ आख्ख्या गावमा एकच मानूस लिखस.
साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. त्यावर माझा सकाळचा सुविचार : चांगली सवळ हेच धन.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ फेब्रुवारी
रिमार्क आला. ‘पाचवीची मुले स्वतंत्र विचार करतात. श्रेय शिक्षकांस.’ म्हणजे जिंकलो. जागा सुकलालला. साहेबांचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो.

१० फेब्रुवारी
संपादकांचं पोस्टकार्ड आलं. वाटलं, मानधनाचं असेल. लिहितात, यापुढे बातमी पाठवू नये. पाचवीच्या मुलांचं पत्र पुढच्या अंकात छापणार आहेत. ‘सर्व गाव उत्सुक’ हे त्या लेखकाला कसं कळलं, याचा छडा लावायला पोरं म्हणे गावातल्या एकशे बारा घरांत जाऊन विचारून आली. उत्सुक घरं : एकही नाही.
एकशे बारा म्हणजे सगळीच झाली. बायकोला विचारलं, पोरं आपल्याकडे आली होती का? भाकरी थापता थापता हो म्हणाली. काय सांगितलंस, असं विचारायला नको होतं.
पोरगीनी खरं इचारं, म्हणाली, मी खरं सांगं.