कागदी रंगाची अक्षरं

९ जानेवारी
खेळाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ झालं. लेखक – ओतमार क्रेयची. बस्स, एकच नाव! बारा वर्षं दर गुरुवारी चहाघराच्या मागच्या खोलीत फासे टाकत आम्ही हा खेळ रचला. मिठाचं शहर माझं. मुकी राणी माझी. "आणि माझं नाव?" विचारलं, तर म्हणतो कसा, "अगं ब्लांका, तू पानं सजवतेस ना? शेवटच्या पानावर आभार मानतो की!"
आभार! घाल चुलीत.

११ जानेवारी
ओतमारचे डोळे वर्षभरात जवळजवळ गेलेच. तो बोलून मजकूर पाठवतो, मी कोड लिहून त्याला जुन्या ग्रंथाचं रूप देते – दोन रकाने, शाईचे डाग, राक्षसांच्या चौकटी. इतकं देखणं काम, आणि बघणार कोण? त्याची बहीण यिट्का वाचून दाखवत असणार.
आज गंमत केली. अक्षरांना कागदाचाच रंग दिला – कोडमधली एकच ओळ – की ती दिसतच नाहीत. दलदलीतल्या राक्षसाच्या चौकटीखाली लिहिलं – "हासुद्धा ओतमारइतकं डोकं खात नाही." फार बरं वाटलं.

२३ जानेवारी
रोज एक पान, रोज एक टोमणा. सवयच लागली.

२ फेब्रुवारी
आमच्यातल्या राडिमला दाखवलं. पान माउसने निवडलं की अक्षरं उमटतात. असा हसला, असा हसला, चहा नाकात गेला! मग सतरावं पान आलं – "हान्या उगाच नाही सोडून गेली. डोळे आत्ता गेले, अक्कल आधीच गेली होती."
राडिमने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हे काढ, ब्लांका. बायको आहे ती त्याची. होती."
का काढू? कोणाला दिसतंय?

१४ फेब्रुवारी
ओतमारचा फोन. आवाज लोण्यासारखा. "पानं झकास होतायत गं. शब्दन् शब्द ऐकतो मी." ऐक बाबा!
आज एकतिसाव्या पानावर काहीच सुचलं नाही. तसंच पाठवलं.

१५ फेब्रुवारी
पुन्हा फोन. "एकतिसावं पान जरा रिकामं वाटलं. बरं नाही का तुला?" रिकामं? मजकूर खच्चून भरलाय! डोकं फिरलंय त्याचं.

३ मार्च
ट्राममध्ये यिट्का भेटली. म्हटलं, "त्याला वाचून वाचून घसा बसला असेल तुझा."
"मी? मला कुठला आलाय वेळ! त्याचा संगणकच वाचतो सगळं."
"सगळं?"
"अक्षरन् अक्षर. आणि तो एकटाच हसत बसतो."
घरी आले, कोटही काढला नाही. सतरावं पान फोनला वाचायला लावलं. यंत्राला रंग कुठले कळायला! बातम्या द्याव्यात तशा आवाजात वाचलं त्याने – हान्या, डोळे, अक्कल. जानेवारीपासून ऐकतोय! आणि माझी तब्येत विचारतो!
लाज वाटली. खरंच वाटली. उद्या सगळं पुसून टाकते.

४ मार्च
फाइल उघडेना. कुलूप! मूळ फाइल त्याची, किल्लीही त्याचीच. फोन केला. "ओतमार, चार-दोन चुका राहिल्यात रे. उघडून दे ना."
"राहू देत. राडिमकडून एक ओळ बदलून घेतली आणि छापायला दिली. आणि हो – मुखपृष्ठावर तुझंही नाव घातलंय. हवं होतं ना तुला?"
मी थँक्यू म्हणाले. रडायलाच आलं. वेडा माणूस! सगळं ऐकूनही माफ केलं त्याने. दिसत तर कोणालाच नाही.
कोणती ओळ, ते विचारायचं राहिलं.

२० मार्च
पन्नास प्रती आल्या. गुरुवार होता, सगळ्यांनी तिथेच उघडल्या. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. खेळ – ओतमार क्रेयची. लाल अक्षरांतला मजकूर – ब्लांका हुर्निकोवा.