टेपवरच्या आवाजाचे हक्क

मी, वय सेहेचाळीस, अविवाहित, कवी व व्हायोलिनवादक, पूर्ण शुद्धीवर हे लिहीत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढचा मजकूर वाचून त्याची गरज पडेल.

१. राहती जागा, बँकेतली शिल्लक आणि पुस्तके धाकट्या बहिणीला.

२. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना काही ठेवलेले नाही, कारण ते साक्षीदार आहेत. बावीस वर्षे ते छताला काठी ठोकत आले. "तुम्ही वाजवा हो, पण त्या बाईंना गायला लावू नका!" असे जिन्यात सुनावत. मी त्यांच्या कानांची कीव करत असे. त्याबद्दल माफी मागतो.

३. माझी लिहिण्याची पद्धत अशी: दुपारी वाजवायचे, टेप करायचे, सकाळी ऐकायचे. सुरांखाली बारीक गुणगुणणे असे. वाजवताना पुष्कळ जण गुणगुणतात, तसा तो माझाच आवाज, असे मी धरून चाललो. त्यातले शब्द उतरवून काढले. तीन संग्रह झाले, एक पुरस्कार मिळाला, भाषणात मी स्वतःच्या एकांताचे आभारही मानले.

४. गेल्या वर्षी घशाचे ऑपरेशन झाले. "सहा आठवडे हुं की चूं करायचं नाही," डॉक्टरांनी बजावले. टाके निघाल्यावर मी मुक्यानेच वाजवू लागलो. त्या दिवसांतल्या सगळ्या टेपवर शब्द आहेत. आवाज बाईचा आहे. इतकी वर्षे मला तो ओळखता आला नाही, की ओळखायचा नव्हता, हे अजून ठरत नाही.

५. म्हणून पुढच्या आवृत्त्यांवर माझे नाव घालू नये. चौथे हस्तलिखितही बिननावाचे छापावे. प्रकाशक कुरकुरतील; पुरस्काराच्या दिवशी ते माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलले होते, तेवढे पुरे.

बहीण कच्चा खर्डा वाचून म्हणाली, "दादा, मग तुझं उरलं काय?"

"वाजवलेलं."

६. व्हायोलिन. बहीणही वाजवते, म्हणून आधी तिच्या नावे केले होते. नंतर, खात्री करावी म्हणून, एका दुपारी मी टेप सुरू केला आणि न वाजवता बसून राहिलो. त्या टेपवर चाळीस मिनिटे काही नाही. मग अगदी माइकजवळ, शांतपणे: "मी थांबते."

आजार उलटला आहे. मला फार दिवस नाहीत. हे कलम मी खोडले आणि 'व्हायोलिन माझ्याबरोबर जाळावे' असे लिहिले. बहिणीने टेप दोनदा ऐकला.

"घाबरलीस ना?"

"घाबरले की. पण दादा, तू गेल्यावर ती एकटी किती थांबणार? दे इकडे."

मी तिला पुष्कळ समजावले. ती ऐकत नाही. लहानपणीही ऐकत नसे. जाळण्याचे वाक्य मी आज खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

व्हायोलिन बहिणीला. तिच्या टेपवर येईल त्या पहिल्या कवितेवरही तिने आपले नाव घालू नये.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर
सही: लिहून देणार

साक्षीदार:
१. घशाचे डॉक्टर (सही)
२. खालच्या मजल्यावरचे शेजारी (सही, टेप ऐकण्यास नकार)