गाडीतून येणारा भात

प्रिय पोशी,

फोनवर मला बोलायला जमत नाय, आणि तुमच्या हॉस्टेलात फोन लागला तरी बाजूला मॅडम उभ्या असतात. म्हणून लिहितेय. रमेशकाका खोडाळ्याच्या बाजाराला निघालाय, तो गेटवर तुझ्या हातात देईल. शाळा सोडल्यापासून काय लिहिलं नाय, चुका बघून हसू नको.

कंपनीवाल्यांनी काढलेला तुझा तो व्हिडिओ पाड्यात सगळ्यांनी बघितला. आमचं जेवण गरम आणि चवदार असतं, असं बोललीस आणि हसलीस. तुझं हसू मला माहीत नाय काय? खरं हसतेस तेव्हा तू तोंडावर हात धरतेस. आय भाकर थापत होती, थापतच राहिली.

सरकारला म्हणे शाळेची चूल जड झाली! आय, फागीमावशी, जमुनाकाकू इतकी वर्षं तुम्हाला रांधून घालत होत्या. एका दुपारी त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, आता कंपनी जेवण देणार. कंपनीचं किचन कुठं, तर घाट उतरून खाली. पहाटेच्या अंधारात शिजवतात, वर पोचेपर्यंत भाताची वीट होते. गाडीवर मोठ्या अक्षरात 'ताजे, गरम, पौष्टिक', आणि गाडीचं दार सुतळीने बांधलेलं. बाजूला एका गोऱ्या पोराचा फोटो, चमच्याने डाळभात खातोय. आपल्याकडे डाळभात चमच्याने कोण खातं गं? आणि हुशारी बघ, इथल्या शेतातली नागली पोशेऱ्यातून नेतात, तिची बिस्किटं करून परत आणतात, वर त्याला आदिवासी आहार बोलतात. भाकर थापायची अक्कल नाय तर बिस्कीटच करणार.

मागच्या बाजाराला आम्ही भेटायला आलो तेव्हा तू आयची भाकर उभ्यानेच खाल्लीस. आंबलेल्या डाळीने तुझ्या खोलीतल्या रविनाला रात्रभर उलट्या झाल्या, हे तूच माझ्या कानात सांगितलंस. मंग व्हिडिओत कुणाचं जेवण चवदार होतं?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल कंपनीचा सुपरवायझर आपल्या घरी आला. बूट घालूनच ओटीवर चढला. बोलला, बुधवारी सरकारचे मोठे साहेब जेवण तपासायला येणार, तुमची पोशी छान बोलते, तिलाच पुढे उभी करू. तिला नीट समजवा, मंग तुम्हाला आमच्याकडे डबे धुवायला घेतो. मी दाराआड होते, नेहमीसारखी. आयने सगळं ऐकलं. हो बोलली नाय, नाय पण बोलली नाय. पण तिने त्याला पाणी विचारलं नाय. पोशी, आपल्या दारातून वाटेचा माणूससुद्धा कधी पाणी पिल्याशिवाय गेला नाय. तो कोरड्या तोंडाने उतरला आणि त्या येड्याला कळलंसुद्धा नाय. जाताना बोलला, विचार करून सांगा!

पाणी विचारलं नाय, तेच आयचं उत्तर. तिच्या कामासाठी तू खोटं बोलू नको, डबे धुवायला ती जाणार नाय. साहेबांना रविनाचं सांग, डाळीचं सांग. बुधवारी आम्ही पण येतोय, आय, फागीमावशी, जमुनाकाकू आणि मी. गेटवर अडवलं तरी आत येऊ. भीती वाटली तर माझ्याकडे बघ. तू मधेच अडकलीस, तर पुढचं मी बोलेन.

तुझीच मोठी,
चंदा