आजोबांच्या अकरा मोटारी

२ फेब्रुवारी, रविवार

माळ्यावरची टाकी गळते म्हणून बायकोने वर चढवलं. मी पाणीपुरवठा खात्यात, तेव्हा घरातलं सगळं पाणी माझ्याच नावावर. टाकीमागे पत्र्याची पेटी सापडली. पेटीत अल्बम, अल्बममध्ये माझ्या आजोबांचे अकरा फोटो. प्रत्येक फोटोत एक मोटार, आणि दर वेळी वेगळी! शेजारी आजोबा. अंगात कोट, हातात काठी.

म्हणजे आमच्या घरी अकरा मोटारी होत्या. आणि मी तेवीस वर्षं स्कूटरला किक मारतोय.

टाकी उद्या बघू.

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात लक्ष लागलं नाही. साहेब आज जरा किरकोळ वाटले.

खरा मुद्दा व्याह्यांचा. मुलीच्या लग्नाला आठ महिने झाले. व्याह्यांचा फरशीचा कारखाना, दाराशी एक जुनी देखणी मोटार, आणि वर जुन्या मोटारवाल्यांच्या क्लबचे ते अध्यक्ष. त्यांच्याकडे जेवायला गेलो की ते मोटारींवर बोलतात आणि मी 'हो का' म्हणतो. मागच्या खेपेला सतरा वेळा म्हणालो. हिने मोजलं. लेकीच्या सासरी बापाने नुसतं 'हो का' म्हणून ताटावरून उठायचं, याचं मला फार वाईट वाटतं. आता चित्र बदलणार.

संकल्प: रोज एक तास फोटोंचा शास्त्रशुद्ध अभ्यास.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल अभ्यास झाला नाही, भिंग नव्हतं. आज आणलं.

जवळजवळ प्रत्येक गाडीला कुठे ना कुठे पोचा आहे. आजोबा वेगाचे शौकीन असणार. चौथ्या फोटोत गाडीचं तोंड झाडाला टेकलंय. सावलीत गाडी लावायची सवय. सातव्यात गाडी अर्धी ओढ्यात आहे. धुवायला नेली असावी. काठीवर सारख्या अंतराने रेघा आहेत, बहुधा चांदीच्या.

ही म्हणाली, आत्याला विचारा. आत्या म्हणजे आजोबांची लेक, वय सत्त्याऐंशी. फोन केला की आधी एका गुडघ्याचं सांगते, मग दुसऱ्या. फोटो स्पष्ट बोलताहेत. आत्याची गरज नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

महत्त्वाचा शोध. प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर एक पाटी ठेवलीय आणि पाटीवर खडूने आकडा. सगळ्यात लहान ३१, सगळ्यात मोठा ७१४. मी आयुष्यभर मीटरचे क्रमांक रजिस्टरात चढवले आहेत. क्रमांक एकपासून पडतात, मधला एकही गाळत नाहीत. म्हणजे आमच्या किमान सातशे चौदा मोटारी होत्या.

घाम फुटला. एकदम सांगितलं तर लोकांना झेपणार नाही. शंभर सांगायच्या. नम्रपणा बरा.

९ फेब्रुवारी, रविवार

व्याह्यांना फोन केला. शंभराच्या आसपास, असं सहज बोलून गेलो. ते 'हो का' म्हणाले! ते!

२३ तारखेला क्लबचा मेळावा आहे. तिथे आजोबांचे फोटो मोठे करून लावायचे, मी पाच मिनिटं बोलायचं, आणि त्यांची मोटार फाटकापासून हॉलपर्यंत मीच चालवत आणायची, असा त्यांचा आग्रह पडला. मी होकार दिला. मला गाडी चालवता येत नाही, पण हे रक्तात असतं. चौदा दिवस आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ड्रायव्हिंग स्कूल लावलं. शिकवायला बाई आहेत. पहिल्याच दिवशी माझा आत्मविश्वास त्यांच्या डोळ्यांत भरला असावा, कारण सगळा वेळ त्यांनी हँडब्रेक धरून ठेवला होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज बाई म्हणाल्या, काका, रक्त बाजूला ठेवा आणि क्लच दाबा. गाडी मागे गेली. मला पुढे जायचं होतं. एक कुंडी फुटली, तिची जागाच चुकीची होती. माणसाने मूळ जुन्या गाडीवरच शिकावं. उद्यापासून क्लास बंद.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोटो मोठे करायला दिले, प्रत्येकी चार फूट. फोटोवाला म्हणाला की अल्बममधून काढल्यावर मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसतंय, तेही हवंय का. मी म्हटलं, मागचं कोण बघतो, पुढचं मोठं कर.

टाकीखाली बादली ठेवली आहे. तात्पुरती.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कंबर धरल्याचं जाहीर केलं, त्यामुळे मोटार व्याह्यांनीच आणली. मी शेजारी बसून हात हलवला.

हॉलमध्ये अकराही फोटो झकास दिसत होते. भाषण तीन मिनिटं उत्तम झालं. शंभर म्हणालो तेव्हा मागून कुणी तरी शीळ घातली. मग पहिल्या रांगेत हालचाल झाली. हिने आत्याला परस्पर बोलावून ठेवलं होतं! आत्या उठली. तिला माइक लागत नाही.

"अरे, शंभर कसल्या? आमच्या घरी एक सायकल होती. बाबा विमा कंपनीत होते. लोकांनी ठोकलेल्या गाड्या मोजायला जायचे."

काठी म्हणजे मोजपट्टी. पाटीवर अपघाताच्या प्रकरणाचा क्रमांक. पुढे ती गुडघ्यांवर बोलली, पण ते कुणी ऐकलं नसावं, हॉल इतका हसत होता. सगळ्यांत आधी ही हसली. लेक खाली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक माणूस हसत नव्हता. व्याही चौथ्या फोटोसमोर उभे होते. मी माफी मागायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, ही माझ्या वडिलांची पहिली गाडी. घरात तिचा एकही फोटो नाही. ट्रकने धडक देऊन ती मोडली, असं वडील जाईपर्यंत सांगायचे. त्यांचे डोळे भरून आले होते. मूळ फोटो मिळेल का, असं त्यांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे काही मागावं, हे पहिल्यांदाच घडलं. लगेच हो म्हणालो.

एकूण मेळावा यशस्वी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. कंबर खरोखरच धरली.

मूळ फोटो पाकिटातून काढले. चौथ्याच्या मागे आजोबांचं अक्षर: "ट्रक आढळला नाही. झाड रस्त्यापासून नऊ फूट आत, आपल्या जागी उभे. चालकास डुलकी. भरपाई नामंजूर."

तीनदा वाचलं. हे एवढं वाचून दाखवलं की पुढची वीस वर्षं व्याही माझ्यासमोर मोटारीचं नाव काढणार नाहीत. संकल्प: येत्या रविवारी सगळ्यांसमोर, जेवताना, सावकाश वाचायचं.

२ मार्च, रविवार

व्याह्यांकडे गेलो. त्यांनी फोटोसाठी भिंतीवरची जागा आधीच पुसून ठेवली होती. ते वडिलांबद्दल बोलत होते आणि लेक त्यांच्या शेजारी बसून हसत होती. तिला या घरात इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

फोटो दिला. मागे जाड पुठ्ठा चिकटवून नेला होता. फोटो वाकू नये म्हणून, बाकी काही नाही. डिंक घरी शनिवारीच लावला होता, म्हणजे संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही, रविवारी वाचायला काही उरलंच नव्हतं.

घरी आल्यावर हिने न मागता चहा दिला.

आजोबा मला आवडायला लागले आहेत. सायकलवरून जायचं, झाड मोजायचं, व्याह्यांच्या वडिलांसारख्या बड्या माणसालाही नाही म्हणायचं, आणि घरी येऊन कोट खुंटीला लावायचा. सातशे चौदा वेळा. हे मी कुणाला सांगणार नाही.

१६ मार्च, रविवार

व्याह्यांकडे जेवण. फोटो भिंतीवर लागलाय. सुंदर चौकट, वर छोटा दिवा. गाडी छान आली आहे. चौकटवाल्याचं म्हणणं पडलं की बाजूचा माणूस मध्येमध्ये येतो, म्हणून आजोबांना कापलं. व्याह्यांनी हे मला फार मायेने सांगितलं. मग ट्रकची हकीकत सांगितली. ट्रक आता दोन झाले आहेत.

चौकटीच्या कडेला आजोबांचं फक्त कोपर उरलंय. पण कोपर अतिशय रुबाबदार आहे. जेवताना मी माझंही तसंच ठेवून पाहिलं. व्याह्यांच्या पाण्याचा ग्लास पडला.