टेबल आणि भिंत यांच्यातली वाट

मी, सगुणाबाई रंगनाथ वाव्हळे, वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मी फक्त भ्यालेली आहे. भ्यालेला माणूस शुद्धीत नसतो असं कायद्यात कुठं म्हटलं असेल तर वकीलसाहेबांनी मला दाखवावं. माझी तब्येत ठणठणीत आहे, साखर नाही, बीपीची गोळी नाही. भीती माझ्या मरणाची नाही. कशाची आहे ते पुढं येईल.

हे मृत्युपत्र मी गेल्यावर उघडायचं नाही. माझा मुलगा मिलिंद ऊर्फ पप्पू यानं ते आजच, माझ्यासमोर बसून वाचायचं.

कलम एक. पूर्णा येथील राहतं घर, पुढचा हॉल, आतली खोली, स्वयंपाकघर आणि मागचं लिंबाचं झाड यांसह, माझ्यामागं पप्पूला मिळावं. अटी कलम तीनमध्ये आहेत, त्या न वाचता त्यानं खूश होऊ नये. पोस्टातली ठेव आणि कानातलं सोनं माझी मुलगी निकिता हिला. शिलाई मशीन सून सुकेशनी हिला, कारण या घरात सुई ओवता येते ती आता तिलाच. नणंद कस्तुराबाई हिनं चौदा एप्रिलच्या जेवणासाठी नेलेलं मोठं पातेलं अजून परत आलेलं नाही. ते तिच्याकडंच राहू द्यावं. मला आठवण होती, एवढं मात्र तिला कुणीतरी सांगावं.

कलम दोन. हॉलमधलं सागवानी जेवणाचं टेबल.

याच्याबद्दल थोडं लांबण लावावं लागेल. माझे पती रंगनाथ रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या विश्रामगृहात नोकरीला होते. साहेब लोक जेवायला बसायचे आणि हे मागं उभे राहून वाढायचे. उभ्या उभ्या नोकरी संपली. त्या टेबलावर एकदाही बसले नाहीत, कुणी बसा म्हणालंही नाही. निवृत्त होताना ह्यांनी त्या टेबलाचं माप सुतळीनं घेतलं आणि सुतळीला गाठी मारून घरी आणली. आठ फूट लांब, चार फूट रुंद. माप टेबलाचं घेतलं, त्या खोलीचं घेतलं नाही. ती खोली आमच्या अख्ख्या घराएवढी होती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचा हॉल दहा बाय अकरा, त्यात एका भिंतीला दिवाण, दुसरीला कपाट. दारातून टेबल आत येईना, म्हणून सुतारानं फळ्या आत आणल्या, खुंट्या ठोकून आतच जोडल्या. मी म्हणाले, "अहो, चालायचं कुठून?" हे म्हणाले, "चालायचं कशाला, बसायचं. लय चाललो मी." आम्ही आठ खुर्च्यांवर चौघं बसायचो आणि हे सर्वांत टोकाच्या खुर्चीवर, भिंतीला पाठ टेकून. त्यांना तसं जेवताना बघून मला फार बरं वाटायचं, हेही मी इथं लिहून ठेवते.

मग तो दिवस आला. सकाळी चहा घेऊन हे आतल्या खोलीत जाऊन पडले. म्हणाले, गॅस झालाय. थोड्या वेळानं घामानं सदरा भिजला. मी ओरडले तशी गल्लीतली माणसं आली, बाहेर रिक्षा सुरू करून ठेवली. ह्यांना बाजेवर घेतलं आणि बाज खोलीच्या दारात अडली. समोर टेबल. डावीकडून दिवाण, उजवीकडून कपाट. खुर्च्या खिडकीतून बाहेर फेकल्या तरी वाट होईना. शेवटी दोघं टेबलावर चढले आणि बाज टेबलावरून सरकवत नेली. ह्यांचे डोळे उघडे होते. ते टेबलाकडं बघत होते की माझ्याकडं, ते मला आजवर कळलेलं नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायचं. त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो मी कुणाच्या नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी त्या हॉलमधून भिंतीला अंग घासत जाते. टेबल कापायची हिंमत झाली नाही. आता लिहून देते की ते कापावं. त्याच्या फळ्यांचे विहारातल्या अभ्यासिकेसाठी बुटके डेस्क करावेत, मांडी घालून बसणाऱ्या पोरांना पुरतील असे. हे काम माझ्या मरणाची वाट न पाहता करावं.

कलम तीन. परभणीच्या फ्लॅटमधलं, अजून न घेतलेलं टेबल.

पप्पूनं परभणीत फ्लॅट घेतला. गेल्या रविवारी मला बघायला नेलं. हॉल लांबच लांब, रुंदीला नऊ फूट, आगगाडीच्या डब्यासारखा. झोपायच्या खोलीचं दार बरोबर त्याच्या मधे उघडतं. आणि पप्पूसाहेबांनी मोबाइलवर मला दाखवलं काय, तर आठ खुर्च्यांचं संगमरवरी टेबल!

"आई, आबाचं स्वप्न हाय ते. माझ्या घरात आबाच्या मापाचंच टेबल येणार," पप्पू म्हणाला.

सुकेशनीला गोल हवं होतं. म्हणाली, "गोलाला कोपरे न्हाईत, आर्यनचं कपाळ तरी फुटणार न्हाई." आर्यन म्हणजे माझा नातू, सारखा पळत असतो. तिचं खरं होतं. मीही अंगणवाडीत पोरं गोलच बसवली. पण गोल टेबल चौकोनी खोलीत शोभतं, चिंचोळ्या हॉलमध्ये ते वाटेच्या मधोमध पोट काढून उभं राहतं.

मी वर्तमानपत्रं मागितली आणि फरशीवर टेबलाएवढी अंथरली. भोवती खुर्च्या ठेवल्या. जेवणारा माणूस खुर्ची मागं सरकवतो, तेव्हा त्याच्यामागून दुसऱ्याला जाता आलं पाहिजे. मी त्या फटीतून जाऊन दाखवलं. आडवं व्हावं लागलं.

"मी काय नको म्हणायलेय का? पण हितून माणूस न्यायचा कसा?" मी विचारलं.

पप्पू हसला. "आई, तू टेबल बघायला आलीस का मढं न्यायला?"

तो हसत हसत वर्तमानपत्रं गोळा करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. हात छातीवर. कपाळावर घाम. फेब्रुवारीतला घाम. मी धावले तर म्हणाला, "काय न्हाई गं, गॅस हाय."

माझी पाचावर धारण बसली. तोच शब्द, तोच हात, भुवईसुद्धा बापाची. तो पाणी प्यायला, बरं वाटलं, परत टेबलाचे भाव बोलायला लागला. मी स्वयंपाकघरात गेले तर सुकेशनी ओट्याला धरून उभी होती.

"आत्याबाई, हे पहिल्यांदा न्हाई झालेलं," ती हळूच म्हणाली. "जिना चढताना बी होतंय. तुमाला सांगू नका म्हणून शपथ घातलीय मला."

तिनं शपथ मोडली म्हणून पप्पूनं तिला एक शब्द बोलायचा नाही. ही पहिली अट.

दुसरी अट, पप्पूनं हृदयाची पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर काय म्हणाले ते निकितासमोर मला सांगावं. गॅस हा शब्द उच्चारू नये.

तिसरी अट टेबलाची. रुंदी अडीच फूट, लांबी चार. लांब बाजू भिंतीला लावलेली. समोरच्या बाजूला बाकडं, जेवण झाल्यावर टेबलाखाली सरकेल असं. कोपरे घासून गोल केलेले. पाहुणे आले तर बाजूची फळी उघडावी, पाहुणे गेले की मिटावी. झोपायच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत दोन माणसं बाज धरून सरळ जातील एवढी वाट कायम मोकळी ठेवावी. तिथं कुंडी नको, चपलांचं कपाट नको, आर्यनची सायकल नको. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मला हसायचं त्यानं हसावं.

या अटी मोडल्यास पूर्णेचं घर पप्पूला मिळू नये. वकीलसाहेब म्हणाले, "मावशी, असल्या अटी कोर्टात टिकत न्हाईत." मी म्हणाले, "कोर्टात कशाला टिकायला पाहिजेत? त्यानं वाचल्या म्हंजे झालं."

पप्पू, तुझ्या बापाला बसायला मोठं टेबल हवं वाटलं, कारण त्याला कुणी बसू दिलं नव्हतं. तू शिक्षक आहेस, तू चारचौघांत खुर्चीवर बसतोस. तुला ते माप लागत नाही, बाळा.

कलम चार, आणि हे शेवटचं. वकीलसाहेबांनी सांगितलं की प्रत्येक मृत्युपत्रात एक कलम घालावं लागतं. लाभार्थी लिहून देणाराच्या आधी मयत झाल्यास मालमत्ता कुणाकडं जावी, ते. त्यांनी साधेपणानं विचारलं, "पप्पूच्या नंतर कुणाचं नाव घालू?" मी पेन खाली ठेवलं. पाणी मागितलं. मग त्यांना म्हणाले की हे कलम मी लिहिणार नाही. त्याच्यावाचून मृत्युपत्र अपुरं राहत असेल तर राहू दे. घराचं काय व्हायचं ते होऊ दे, सरकारनं नेलं तरी माझी हरकत नाही. ती एक ओळ माझ्या हातून होणार नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

लिहून देणार : सगुणाबाई रंगनाथ वाव्हळे (सही)

साक्षीदार :
१. सविता भीमराव खंदारे, अंगणवाडी मदतनीस, पूर्णा (सही)
२. सिताराम किशन ढाले, शेजारी, पूर्णा. बाज धरणाऱ्यांपैकी एक. (सही)

ठिकाण : पूर्णा, जिल्हा परभणी
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५